खांबाला बांधलेली दोरी

ईद होऊन पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा एक पत्र आले. वहीच्या रेघांच्या पानांवर, निळ्या शाईत, दोन्ही बाजूंनी भरून लिहिलेले. पत्र पाठवणाऱ्या भगिनीची परवानगी घेऊन त्यातला मजकूर आम्ही येथे देत आहोत. नाव-गाव अर्थातच देणार नाही. सातारा जिल्ह्यातले एक मोठे गाव, वय त्रेचाळीस, घरात सासूबाई, पती, दोन मुलगे आणि एक मुलगी, एवढे पुरे.

तेविसाव्या रोजाला असरनंतर त्या भजी तळत होत्या. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या चुलीपाशीच कोसळल्या. कढई कलंडली, तेल कोपरापर्यंत उडाले. दवाखान्यात नेल्यावर रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ६.८. डॉक्टरबाईंनी विचारले, पाळीचा त्रास किती दिवसांपासून आहे? उत्तर आले, आठ महिने. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या. आठ महिने अंगावरून इतके जात होते आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. बरे, रमजानच्या आधी गावातल्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते की रक्त फार कमी आहे, या वर्षी रोजे धरू नका. तेही त्यांनी घरी सांगितले नाही. सांगितले असते तर, त्या लिहितात, घरात रमजानची एवढी कामे आणि मीच झोपून राहिले असते, ते कसे दिसले असते?

पत्राच्या शेवटी दोन प्रश्न आहेत. पहिला, सुटलेल्या रोजांची कजा करायची की फिदिया द्यायचा? दुसरा प्रश्न असा: त्या दिवशी माझ्यामुळे घरातल्या सगळ्यांचा इफ्तार खोळंबला, तेव्हापासून मन खाते आहे, याची माफी कशी मागू?

हा दुसरा प्रश्न वाचून आम्ही पत्र खाली ठेवले आणि थोड्या वेळाने पुन्हा हातात घेतले. भाजलेल्या हाताने लिहिलेले पत्र, आणि माफी कोण मागते आहे!

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही देणार नाही. ते आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे, आणि विचारताना डॉक्टरांचा कागद सोबत न्यावा, कारण आजार बरा होणारा आहे की नाही यावर ते उत्तर अवलंबून असते. एवढेच म्हणू की आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआननेच दिली आहे. ती सासूबाईंनी किंवा जावेने केलेली मेहरबानी नव्हे, की ती घेताना मान खाली घालावी.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र बोलायचे आहे, कारण तो त्या एका भगिनीचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता, म्हणजे पंडुरोग, आढळला. पिठाचा डबा ज्यांच्या हातात आहे त्याच उपाशी, असा हा हिशेब आहे. गरिबी हे त्याचे एक कारण आहे, नाही असे नाही. पण ज्या घरात आठवड्याला मटण शिजते त्या घरातही हे आढळते. कारण हंडीतले चांगले तुकडे आधी अब्बांच्या ताटात, मग मुलांच्या, मग पाहुण्यांच्या, आणि वाढणारीच्या वाट्याला रस्सा. तिला कोणी मनाई केलेली नसते. तीच म्हणते, मला काय, मी काहीही खाते.

आमच्या अम्मींचा चष्मा आम्हाला आठवतो. एका बाजूची दांडी तुटलेली, तिथे काळा दोरा बांधून तो कानाला अडकवलेला. दर जूनमध्ये आम्हा भावंडांना नवे बूट यायचे, अब्बांची सायकल दुरुस्त व्हायची, छप्पर शाकारले जायचे. चष्म्याचा विषय निघाला की अम्मी म्हणायच्या, मला कुठे वाचायचेय? आणि फजरनंतर त्या रोज कुरआन शरीफ उघडून बसायच्या. खूप वर्षांनी आम्हाला कळले की अक्षरे दिसत नव्हती म्हणून त्या पाठ असलेल्या सूरहच तेवढ्या म्हणायच्या आणि पानावर नुसते बोट फिरवायच्या. आम्ही शिकलेली मुले त्याच घरात वावरत होतो. ते बोट आम्हाला दिसले नाही. हे सांगताना आजही बरे वाटत नाही. पण अम्मींनीही कधी एका वाक्यात सांगितले नाही की मला दिसत नाही, चष्मा हवा. आपल्या गरजेला त्यांनी गरज मानलेच नव्हते.

आपल्यातल्या पुष्कळ जणींना वाटते की हेच पुण्य आहे. जितके झिजू तितका सवाब. स्वतःकडे पाहणे म्हणजे नफ्साचे लाड. म्हणून हदीसमधला एक प्रसंग येथे सांगावासा वाटतो. मदिनेच्या मशिदीत प्रेषित (स.) आले तेव्हा दोन खांबांच्या मध्ये एक दोरी बांधलेली त्यांना दिसली. ही कशाची, असे त्यांनी विचारले. लोकांनी सांगितले की ही हजरत जैनब (रजि.) यांची आहे, उभ्याने नमाज पढता पढता थकवा आला की त्या या दोरीचा आधार घेतात. आता विचार करा, इबादतीसाठी एवढी जिद्द! आपल्यापैकी कोणी असती तर गावभर कौतुक झाले असते. प्रेषितांनी (स.) मात्र ती दोरी सोडायला सांगितली. अंगात उत्साह आहे तोवर नमाज पढावी, आणि थकले की बसावे, अशी त्यांची शिकवण होती.

ही गोष्ट नमाजीची आहे, भजी तळण्याची नव्हे. जी सवलत अल्लाहच्या दरबारात उभे असताना मिळते, ती स्वयंपाकघरात मिळू नये काय? आपल्या घराघरांत अशा दोऱ्या बांधलेल्या आहेत. डोके ठणकत असताना गिळलेली गोळी ही दोरी आहे. ओल्या बाळंतिणीने तिसऱ्या आठवड्यात उचललेली पाण्याची कळशी ही दोरी आहे. पाहुणे गेले की झोपेन, मग भांडी झाली की झोपेन, मग उद्याचे पीठ मळले की झोपेन, ही तर रोजचीच.

असाच दुसरा प्रसंग एका म्हाताऱ्याचा. दोन मुलांच्या खांद्यांचा आधार घेत तो पाय ओढत चालला होता, कारण त्याने काबागृहापर्यंत पायी जाण्याचा नवस केला होता. प्रेषितांनी (स.) त्याला वाहनावर बसायला सांगितले. त्याने आपल्या जिवाला असे छळावे याची अल्लाहला काही गरज नाही, हा त्या बोलण्याचा आशय.

येथे एखादी वडीलधारी वाचक म्हणेल, हे नव्या पोरींचे चोचले आहेत, आमच्या काळी आम्ही नऊ बाळंतपणे आणि शेताची खुरपणी एकदम केली, आणि सब्र म्हणून काही असते की नाही? खालाजान, तुमच्या कष्टापुढे आम्ही मान झुकवतो. पण आमच्या समजुतीप्रमाणे सब्र हा आलेल्या संकटात धरायचा असतो. दुखणे लपवून वाढवणे आणि मग त्या वाढलेल्या दुखण्यावर सब्र करणे, हे काही वेगळेच आहे. शरीर ही अमानत आहे असे आपण मुलांना शिकवतो. शेजारणीने ठेवायला दिलेली पातेली आपण घासूनपुसून परत करतो, मग अल्लाहने दिलेल्या या देहाची फिकीर का करू नये? आणि खरे सांगायचे तर त्या नऊ बाळंतपणांच्या काळात किती जणी वाचल्या नाहीत, हेही तुम्हीच आम्हाला सांगितले आहे.

मनावर अभ्यास करणाऱ्यांनीही अलीकडे या गोष्टीची दखल घेतली आहे. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ या प्राध्यापिकेने २००३ मध्ये, माणूस स्वतःशी किती दयेने वागतो हे मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. त्यांच्या मते या दयेत तीन गोष्टी येतात. चूक झाली तर स्वतःला टाकून न बोलता समजुतीने घेणे, असे आपल्याच बाबतीत घडते असे न मानता सगळ्या माणसांचे असेच असते हे ओळखणे, आणि दुःख जेवढे आहे तेवढेच पाहणे, ना दडपणे ना फुगवणे. हे वाचून आम्हाला मोठे नवल वाटले नाही. पण त्यातून एक साधी कसोटी मिळते, ती उपयोगाची आहे. आपल्या मनात स्वतःविषयी जे शब्द येतात, तेच आपण आपल्या मैत्रिणीला किंवा लेकीला तोंडावर म्हणू शकू का?

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आम्ही हेच विचारले. तुमची मुलगी उद्या सासरी रोजाच्या दिवशी चुलीपाशी पडली, हात भाजला, आणि तिने फोनवर सांगितले की अम्मी, माझ्यामुळे सगळ्यांचा इफ्तार खोळंबला, तर तुम्ही काय म्हणाल? त्या मुलीला माफी मागायला सांगाल?

आता त्यांच्या पत्रातल्या आणखी एका ओळीकडे येतो. आरंभीच त्या लिहितात की मी काही कमवत नाही, घरीच असते. आणि तिसऱ्या पानावर सहज येऊन जाते की एकोणीस वर्षांपासून त्या शिलाई करतात. ब्लाऊज, फॉल-पिको, आणि जून आला की शाळांचे गणवेश. थोरल्या मुलाच्या डिप्लोम्याची दोन वर्षांची फी या मशीनवर भरली. तरी काही कमवत नाही! आम्ही हिशेब करायला बसलो, पण पैसे कुठे लिहून ठेवलेलेच नाहीत. ब्लाऊजचे पैसे आले की त्यातून दूध, गॅस, मुलाचा बसपास. जे हातात आले ते हातातून गेले, म्हणून ते आले होते हेच विसरले गेले.

आणि समजा मशीन नसती, तर? तरी काय! २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळपास १६ कोटी स्त्रियांनी घरकाम हेच आपले मुख्य काम असल्याचे सांगितले. असे सांगणारे पुरुष होते सुमारे ५८ लाख. सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ रोजी एका अपघाताच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणात हेच आकडे पुढे ठेवले. दिल्लीत मोटारसायकलवरून जाणारे पती-पत्नी अपघातात मरण पावले होते, पत्नी गृहिणी होती, आणि तिच्या मुलींना भरपाई देताना तिचे उत्पन्न किती धरायचे हा वाद होता. गृहिणीच्या कामाला पैशांत किंमत धरली पाहिजे, ती काहीच करत नाही ही समजूत चुकीची आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीतही दिसते की घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, आणि जे पुरुष ते करतात त्यांचा ९७ मिनिटे. म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे करणे त्यात धरलेले नाही, ते वेगळे.

पण आम्हाला खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. अशा खटल्यांत बाईच्या कामाची किंमत ती गेल्यावर लागते. जिवंतपणी ती कोणी लावायची? निदान तिने स्वतः तरी लावावी.

आपल्याकडे तर याची सोय फार पूर्वीपासून आहे. पुरुषाने कमावले ते त्याचे, स्त्रीने कमावले ते तिचे, हे सूरह निसात आले आहे. हजरत खदीजा (रजि.) यांचा व्यापार आपण मुलींना कौतुकाने सांगतो. हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) या स्वतःच्या हाताने काम करीत आणि त्यातून आलेले दान करीत, हे जरा कमी सांगितले जाते. आणि मेहेर? निकाहाच्या वेळी तो मोठ्याने वाचला जातो, दोन साक्षीदार ऐकतात, काझीसाहेब वहीत लिहितात, आणि नंतर कित्येक घरांत तो कोणाला आठवतही नाही. पहिल्याच रात्री लाजेपोटी माफ केला, असे सांगणाऱ्या कितीतरी जणी आम्हाला भेटल्या. मेहेर हे पतीवरचे कर्ज असते. पती गेल्यावर वाटण्या होण्याआधी ते त्याच्या मालमत्तेतून फेडायचे असते. बायकोने खुशीने सोडले तर प्रश्न नाही. पण जिला नाही म्हणण्याची हिंमतच नव्हती तिच्या होकाराला खुशी म्हणायचे का, याचा विचार घरातल्या पुरुषांनीही करावा. आम्ही येथे कोणाला भांडायला लावत नाही. आपला मेहेर किती ठरला होता आणि त्यातला किती मिळाला, एवढे तरी प्रत्येकीला ठाऊक असावे. निकाहनाम्याची प्रत कुठे आहे ती शोधून ठेवावी.

आम्ही त्या भगिनीला जे कळवले ते थोडक्यात असे. एक वही करा, दोनशे पानी नको, चाळीस पानी पुरे. शिलाईचा प्रत्येक रुपया तिच्यात लिहा, मग तो कुठेही खर्च होवो. स्वतःच्या नावाचे बँक खाते नसेल तर उघडा, आणि महिन्याला शंभर का होईना, त्यात टाका. हा पैसा घराविरुद्ध नाही, घराचाच आहे, फक्त त्यावर तुमची सही चालते. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहामुळे लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौच काळे झाले तर घाबरू नका, या गोळ्यांनी तसे होते. गाठींचे काय करायचे ते डॉक्टरबाईंना पतीच्या समोर विचारा, एकट्याने ऐकून पोटात ठेवू नका. आणि सगळ्यांबरोबर एका दस्तरखानावर जेवायला बसा. रोटी गार होईल. होऊ द्या.

पतीलाही दोन ओळी लिहिल्या, कारण पत्रात त्यांच्याविषयी एकही वाईट शब्द नव्हता. उलट, हात भाजला त्या रात्री ते दवाखान्याच्या बाकावर बसून रडले, असे होते. असे पुष्कळ भाईजान आहेत. त्यांचे प्रेम कमी नसते, पण घरातल्या बाईला विचारायचे असते हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. घरी असताना प्रेषित (स.) काय करीत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात हातभार लावीत, आणि नमाजीची वेळ झाली की बाहेर पडत. चप्पल दुरुस्त करणे, कपडे शिवणे, हे ते स्वतः करीत. ही सुन्नत मात्र आपल्या दाढीइतकी आणि मिसवाकइतकी लोकप्रिय झाली नाही. आम्ही त्या भाईजानना एवढेच लिहिले की महिन्यातून एकदा पत्नीला विचारा, तुला काही दुखते का, आणि ती नाही म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारा.

दुसरे पत्र दोन महिन्यांनी आले. हिमोग्लोबिन ९.४ झाले आहे. शिरेतून लोहाची दोन इंजेक्शने घ्यावी लागली. गाठींसाठी तूर्त औषध चालू आहे, ऑपरेशन करायचे की नाही ते तपासणीनंतर ठरेल. वही केली आहे. जून महिन्यात गणवेशांचे अकरा हजार चारशे रुपये आले, आणि तो आकडा पाहून धाकट्या मुलाने विचारले, अम्मी, हे सगळे तुझे? सासूबाईंनी खजूर आणि गूळ वेगळ्या डब्यात काढून ठेवला आहे आणि त्याला कोणी हात लावला की ओरडतात. जेवायला मात्र त्या अजून सगळ्यांबरोबर बसतातच असे नाही. जुम्याला पाहुणे असले की पुन्हा शेवटी बसतात. सवय जात नाही, असे लिहिले आहे, आणि पुढे कंसात, पण आता तुकडा आधीच काढून झाकून ठेवते.